हिरोईन वावरात येते, सातबाऱ्यावर कधी येणार?

समजा, तुम्हाला एका रोमँटिक कॉमेडीची गोष्ट लिहायची आहे. मुंबईतल्या बड्या उद्योगपतीची एकुलती एक लेक. चिखल पाहिलाय तो फक्त स्पामधला. आजोबा वारतात आणि मृत्युपत्रात अट घालून जातात : रावेरजवळच्या आपल्या केळीच्या बागेत सहा महिने स्वतः राबलीस तरच इस्टेट तुझी. मग काय! मॅडम पांढरा टॉप घालून बागेत शिरतात आणि पहिल्याच दिवशी त्यावर केळीचा चीक. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना माहीत आहे, कपडा फाटेल पण हा डाग जाणार नाही. त्यात जळगावचं मे महिन्यातलं ऊन, लाथ मारणारी म्हैस, कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा आणि डोळ्यांत पाणी. शेजारच्या वावरात ठिबकची नळी दुरुस्त करणारा, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला, कमी बोलणारा मुलगा.

पुढचं सांगायला नको, तुम्ही मनात शेवटच्या गाण्यापर्यंत पोहोचलात. असली गोष्ट आपल्याला आवडतेच. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन सिरीज तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी पाहिली असेलच. सोलमधली श्रीमंत घराण्यातली यून से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात पडते. मग खेड्यातल्या बायकांबरोबर किमची घालताना तिची होणारी फजिती बघून आपण हसतो आणि हळूहळू तिच्या प्रेमात पडतो. पैसेवाली मुलगी जमिनीवर येते, हात मळतात, माणूस म्हणून मोठी होते. फॉर्म्युला जुना आहे, पण चालतो.

मग मी शोधायला बसले, की हा फॉर्म्युला आपल्याकडे कुणी केलाय. आणि एक गंमत सापडली.

आपल्याकडे राबतो तो हिरो

'मैंने प्यार किया' (1989) आठवा. श्रीमंत बापाचा प्रेम मुलीच्या वडिलांची अट पूर्ण करायला मजुरी करतो आणि दोन हजार रुपये कमावून दाखवतो. 'रमैया वस्तावैया' (2013) तर सरळ शेतातच घडतो. परदेशातून आलेला गर्भश्रीमंत राम, नायिकेचा शेतकरी भाऊ आणि पैज अशी, की माझ्यापेक्षा जास्त पीक काढून दाखव, मग बहिणीचं नाव घे. गोठ्यात राहणं, शेण काढणं, नांगरणी, सगळं आलं. मूळ तेलुगू सिनेमा 2005 चा, 'नुव्वोस्तानंटे नेनोद्दंटाना'. प्रभुदेवाने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. तो इतका चालला, की कितीतरी भाषांत पुन्हा पुन्हा निघाला.

म्हणजे आपल्याकडे इस्टेटीचा वारस शेतात गेला तर ती परीक्षा. एका हंगामाच्या घामावर अख्खा सिनेमा उभा राहतो. मुलगी शेतात राबते तेव्हा मात्र कॅमेरा बंद. कारण त्यात नवल काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चोपडा, पारोळा, शिंदखेडा, कुठल्याही रस्त्याने एसटीतून जा. कंबरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बायकांच्या रांगा दिसतील. त्यातली एकही पैज जिंकायला वाकलेली नसते.

आर्ची, कृषिकन्या आणि 'स्थळ'

मराठीत जवळची कोण, तर 'सैराट'ची (2016) आर्ची. पाटलांची लेक, बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. घरच्या जमिनीवरचा तिचा रुबाब बघून थिएटरात शिट्ट्या पडल्या. पण तो रुबाब बापाने दिलेला होता. मनासारखा जोडीदार निवडला त्या दिवशी तो संपला. नंतर हैदराबादेत कारखान्यात कामाला जाणारी आर्ची आठवते ना?

खऱ्या आयुष्यातली आवृत्ती हवी असेल तर आपल्याच पेपरचं आतलं पान उघडा : 'कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक'. बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम असतो. मुलं 'कृषिदूत' होतात आणि मुली 'कृषिकन्या'. गावात जाऊन माती परीक्षण, बोर्डो मिश्रण, जीवामृत असं सगळं शेतकऱ्यांना दाखवायचं. अशाच एका फोटोत उभ्या राहिलेल्या मैत्रिणीला मी विचारलं, "शेतकरी नवरा करशील?" ती हसली. "प्रात्यक्षिक देईन, स्थळ नको."

या एका उत्तरावर सध्या दोन सिनेमे उभे आहेत. 2024 चा 'नवरदेव बी.एस्सी. अ‍ॅग्री' शिकून शेती करणाऱ्या पोराला मुलगी का मिळत नाही, हे हसत हसत सांगतो. आणि जयंत सोमलकरचा 'स्थळ' हीच गोष्ट मुलीच्या बाजूने दाखवतो. कापूस पिकवणाऱ्या बापाची, शिकायची इच्छा असलेली सविता. पाहुणे येतात, प्रश्न विचारतात, रंग-उंची बघतात, पोहे खाऊन जातात. गोष्ट चंद्रपूरकडची आहे, पण कापसाचा भाव आणि पोरीचं लग्न हा हिशेब आपल्याकडेही वेगळा नाही. टोरोंटोच्या महोत्सवात 2023 मध्ये या सिनेमाला नेटपॅक पुरस्कार मिळाला.

"आजकालच्या पोरींना माती नको, शहरातला नोकरीवाला हवा," हे वाक्य तुम्ही लग्नाच्या पंगतीत ऐकलं असेल. पोरींना माती नको असं नाहीये, राव. त्यांनी आईला बघितलंय. पहाटे उठून स्वयंपाक, मग गुरं, मग दिवसभर निंदणी, परत आल्यावर पुन्हा चूल. एवढं करून ती 'शेतकऱ्याची बायको'. शेतकरी नाही.

आता आपल्या सिनेमातली श्रीमंत लेक आठवा. ती सहा महिने का राबते? कारण शेवटी इस्टेट तिची होणार, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून तर आपण तिच्या फजितीवर मोकळेपणाने हसतो. हीच अट आपल्या मुलींना घालून बघा ना.

खरी वारसदार

खरं तर कायद्याने ती घातलेली आहे. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 मध्येच दुरुस्ती केली. 2005 मध्ये देशभर झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासून हक्क. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या जमिनीचं मृत्युपत्र ते कुणाच्याही नावे करू शकतात, तो भाग वेगळा. आदिवासी समाजालाही हा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रूढी चालते. पण बाकी हिशेब साधा आहे. शिरपूरजवळ बापाची सहा एकर वडिलोपार्जित बागायत असेल, तर तुमच्या बेंचवर बसलेली ती मुलगी वारसदार आहे. मृत्युपत्रातली अट नको की काही नको.

मग ती दिसत का नाही? 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायकांचं प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास होतं. उरलेली गोष्ट 'हक्कसोडपत्र' नावाच्या कागदावर लिहिलेली असते.

आईची सही

माझी आई साक्री तालुक्यातली. मी आठवीत असताना आजोबा गेले. महिनाभराने मामा घ्यायला आले, आई दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात गेली, सह्या केल्या. येताना सगळ्यांनी शेवभाजी खाल्ली आणि मामाने आईला साडी घेतली. मला वाटलं, काहीतरी सण आहे.

मागच्या वर्षी मी तिला विचारलं, का सोडलंस? ती अहिराणीतच बोलली, "वावर लीसन काय करू? मायेर तुटी जाई ना." मामा वाईट नाही. त्याने दबाव टाकला नाही, कारण तशी गरजच पडली नाही. सगळ्यांना माहीत होतं की आई सही करणार. त्या वावरात लग्नापर्यंत तिने निंदलंय, वेचलंय. कोणत्या बांधावर बोराचं झाड होतं, हे ती आजही सांगते. आजही 'आमचं वावर' म्हणते. सातबाऱ्यातला सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो त्यात काय पेरलंय. कुणी निंदलं, याचा रकाना नाही.

क्लायमॅक्स बदलू या

एक रोमँटिक आयडिया मात्र आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच जन्मली आहे. 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. नवऱ्याने आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. बऱ्याच गावांतल्या शेतकऱ्यांनी ती केलीही. स्थळ मिळत नाही म्हणून वैतागलेल्या मित्रांनो, बायोडेटात 'बागायत 5 एकर' लिहिता ना? त्याखाली 'पैकी 2 एकर तिच्या नावे' असं लिहून बघा.

आणि मुलींनो, सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. महाभूमीच्या साइटवर गट नंबर टाका, सातबारा उघडा आणि नावं वाचा. भांडायला नको. नुसतं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. कुठल्याही कागदावर सही मागितली तर आधी शीर्षक बघा आणि घरी नेऊन वाचायला वेळ मागा.

आपण जळगाव-धुळ्याचे. आपल्या मार्कशीटवर विद्यापीठाचं नाव आहे कवयित्री बहिणाबाई चौधरी. आसोद्याची लेक, शाळेची पायरी न चढलेली, वावरात राबता राबता गाणी रचणारी. 2018 पासून तिचं नाव आपल्या प्रत्येक पदवीवर छापलं जातंय. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव पदवीवर चालतं, तर सातबाऱ्यावर का नाही?

तर आपल्या सिनेमाचा शेवट असा : सहा महिने संपतात, केळीची गाडी भरून निघते, हिरो गुडघ्यावर बसतो. खिशातून अंगठी काढायच्या आत आपली हिरोईन म्हणते, "थांब, आधी तलाठ्याकडे जाऊन येऊ."