सेटवर माणूस खरोखर मेला तर जबाबदार कोण?

मित्रांनो, रात्री रूमवर पिक्चर लावला की हिरो चौथ्या मजल्यावरून उडी मारतो, गाड्या उडतात, गोळ्या सुटतात आणि आपण शिट्ट्या मारतो. सगळं खोटं आहे हे आपल्याला माहीत असतं. पण कधीकधी गोळी खरी निघते, क्रेन खरोखर कोसळते आणि एखादा माणूस घरी परत जात नाही. मग दोष कुणाचा? आमच्या विंगमध्ये यावर एकदा जोरदार वाद झाला. निम्मे म्हणाले डायरेक्टरचा, निम्मे म्हणाले ज्याच्या हातात बंदूक त्याचा. आता इंजिनिअरिंगच्या पोरांना कायद्यातलं काय कळणार! तरी थोडं खणून वाचलं, ते इथे मांडतोय.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण 'रस्ट'चं. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेजवळच्या एका रँचवर या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. नट अॅलेक बाल्डविन रिव्हॉल्व्हर घेऊन शॉटची तयारी करत होता. त्यातून खरी गोळी सुटली. छायाचित्रणकार हलायना हचिन्स हिचा मृत्यू झाला, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाला. सेटवर खऱ्या गोळ्या असायचं काही कारणच नव्हतं, तरी तपासात त्या सापडल्या.

आता बघा, एका गोळीमागे किती हात होते. बंदुकीत काय भरलंय याची जबाबदारी शस्त्रं सांभाळणाऱ्या हॅना गुटिएरेझ-रीडची. तिच्याकडे प्रॉपर्टीचंही काम होतं, म्हणजे एका माणसावर दोन टोप्या. तिला मार्च २०२४ मध्ये निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी धरलं गेलं आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स याने बंदूक नीट तपासली नव्हती. त्याने सौम्य आरोपावर तडजोड केली आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर सुटला. बाल्डविनवरचा खटला जुलै २०२४ मध्ये सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी तो कायमचा रद्द केला. कारण काय, तर पोलिसांकडे आलेल्या काही गोळ्यांची माहिती बचाव पक्षाला दिलीच नव्हती. म्हणजे नटाचा दोष होता की नव्हता, हे ज्यूरीने ठरवलंच नाही. आमचा वाद तिथेही अर्धवटच राहिला म्हणायचा!

पण तुरुंग हा एकच हिशोब नसतो. अशा अपघातानंतर साधारण तीन फाइली उघडतात. पहिली फौजदारी: गुन्हा कुणी केला? दुसरी दिवाणी: घरच्यांना भरपाई कोण देणार? तिसरी कामगार सुरक्षा खात्याची: मालकाने नियम पाळले का? 'रस्ट'मध्ये त्या राज्याच्या सुरक्षा खात्याने निर्मिती कंपनीला १,३६,७९३ डॉलरचा दंड ठोठावला, पुढे तडजोडीत तो १ लाखावर आला. याआधीही सेटवर चुकून बार उडाले होते आणि व्यवस्थापनाने ते मनावर घेतलं नाही, हा खात्याचा मुख्य आक्षेप होता. आपल्या भाषेत सांगायचं तर वॉर्निंग लॅम्प लागला होता, पण मशीन कुणी बंद केलं नाही.

दिग्दर्शक तुरुंगात गेल्याचं उदाहरणही आहे. २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर'चं युनिट रेल्वेच्या पुलावर रुळांवर पलंग ठेवून शूटिंग करत होतं. रेल्वे कंपनीने परवानगी लेखी नाकारली होती. गाडी आली. कॅमेरा सहायक सारा जोन्स ही २७ वर्षांची मुलगी गेली. दिग्दर्शक रँडल मिलरने गुन्हा कबूल केला आणि सुमारे एक वर्ष तुरुंगात काढलं. गंमत म्हणजे, अर्थात गंमत कसली, २०१७ मध्ये भरपाईच्या दाव्यात ज्यूरीने रेल्वे कंपनीवरही ३५ टक्के जबाबदारी टाकली. गुन्ह्यासाठी एक उत्तर आणि भरपाईसाठी दुसरं, असं होऊ शकतं.

उलट उदाहरणही बघा. १९८२ मध्ये 'ट्वायलाइट झोन'च्या सेटवर स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळलं. नट व्हिक मॉरो आणि दोन लहान मुलं ठार झाली. मुलांना रात्री कामाला बोलावणंच बेकायदा होतं. तरी १९८७ मध्ये दिग्दर्शक जॉन लँडिससह पाचही जण निर्दोष सुटले. नियम मोडला हे दिसतं, पण त्यामुळेच मृत्यू झाला आणि तो टाळण्याइतका अंदाज त्यांना होता, हे सिद्ध करणं अवघड.

आपल्याकडेही नेमकं इथेच घोडं अडतं. १९६२ मध्ये मुंबईतल्या एका पेंटच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. टर्पेंटाइनच्या जवळच बर्नर, तोही विनापरवाना धंदा. तरी सुप्रीम कोर्टाने कारखान्याच्या व्यवस्थापकाला मृत्यूच्या आरोपातून, म्हणजे कलम ३०४-अ मधून मुक्त केलं. परवाना नसणं पुरेसं नाही, त्याची कृती हेच मृत्यूचं थेट आणि जवळचं कारण असायला हवं, असं कोर्टाचं म्हणणं. आगीबाबतच्या निष्काळजीपणाचा गुन्हा मात्र कायम राहिला. ३०४-अ ची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं, त्यात ती पाच वर्षांपर्यंत आहे. आणि धोका स्पष्ट माहीत असूनही कुणाला ढकललं असेल, तर कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध, त्याहून जड.

२०१६ मध्ये बंगळूरजवळच्या तलावात एका कन्नड सिनेमासाठी हेलिकॉप्टरमधून उड्या मारणारे दोन नट बुडाले. पोलिसांनी निर्माता, दिग्दर्शक आणि स्टंट मास्टर, सगळ्यांनाच पकडलं. २०२० मध्ये चेन्नईजवळ 'इंडियन २'च्या सेटवर क्रेन कोसळून तिघे गेले. मरणारे बहुतेक वेळा पडद्यावर न दिसणारेच असतात. त्यांच्या घरच्यांसाठी एक दिलासा आहे. कामावर असताना कामगाराचा मृत्यू झाला तर मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मागता येते. १९२३ च्या कायद्यातलं हे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. पण तो माणूस त्या मालकाचा कामगार होता, हे सिद्ध करावं लागतं. रोजंदारीवर, तोंडी बोलावलेल्या माणसाचं घोडं पुन्हा तिथेच अडतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? गॅदरिंग जवळ आलं की आपल्याकडेही शॉर्टफिल्मचं वारं शिरतं. कुणी पाण्याच्या टाकीवर चढतो, कुणी चालत्या बाइकवर उभा राहून कॅमेरा धरतो. 'माझ्या जबाबदारीवर' असं लिहून घेतलं की सुटलो, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. फौजदारी खटला सरकार चालवतं, दोन मित्रांच्या कागदाने तो मिटत नाही. तेव्हा शूटिंगच्या आधी एका कागदावर प्रत्येक धोक्यासमोर एकाच माणसाचं नाव लिहा. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हणजे कुणीच ठेवत नाही. आणि 'थांबा' म्हणायचा हक्क सगळ्यांना द्या, अगदी फर्स्ट इयरच्या लाइट धरणाऱ्या पोरालाही. शॉट उद्याही घेता येतो.