शेखावाटीच्या हवेल्या आणि वर्ध्याचा कापूस

वर्ध्याच्या ‘जी. एस. कॉमर्स’मध्ये शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांतल्या फार थोड्यांनी नावातल्या गोविंदराम सेक्सरियांचे गाव कुठले, याची चौकशी केली असेल. ते गाव नवलगढ, राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यातले. मुंबईच्या कापूस बाजारात सेक्सरियांचा दबदबा होता. शिक्षा मंडळ या संस्थेने १९४० मध्ये वर्ध्यात वाणिज्य महाविद्यालय काढले, त्याला त्यांचे नाव आहे. मुंबईकरांच्या तोंडी रोज असणारी दोन नावेही त्याच पट्ट्यातली. माटुंग्याच्या कॉलेजांवरचे रुईया रामगढचे, पोदार नवलगढचे. बिर्ला पिलानीचे. आणि ज्यांच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्यात राहायला आले, ते जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातले.

सीकर, झुंझुनू आणि चुरू या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा मुलूख म्हणजे शेखावाटी. पंधराव्या शतकातल्या राव शेखा या सरदाराच्या वंशजांचा, म्हणून हे नाव. सहल कंपन्यांच्या ‘किल्ले, राजवाडे, वाळवंट’ या ठरलेल्या फेरीत जयपूर, जोधपूर, जैसलमेर असते. शेखावाटी मिळालीच तर मंडावा इथे अर्ध्या दिवसाची आणि तीही जेवणापुरती. वर्ध्याहून निघणाऱ्याने मात्र हा हिशेब उलटा मांडावा, असे माझे मत आहे. जोधपूरचा किल्ला राजाने बांधला, तो त्याच्या महसुलातून. शेखावाटीतल्या रंगवलेल्या हवेल्या व्यापाऱ्यांनी बांधल्या, आणि त्यांचा पैसा दूरच्या बाजारपेठांतून आला. त्या बाजारपेठांमध्ये आपली काळी माती बरीच वरच्या नंबरावर होती.

नागपूर, बैतूल, भोपाळ, कोटा, जयपूर असा रस्त्याने प्रवास केला की सीकर हजार किलोमीटरच्या पुढे जाते. विमानाने हे अंतर कळत नाही, म्हणून जमिनीवरून जावे. सातपुडा ओलांडताना साग असतो, माळव्यात गहू आणि सोयाबीन, कोट्याच्या पुढे हळूहळू सगळे विरळ होत जाते, आणि अरवलीच्या पलीकडे बाजरी, खेजडी आणि वाळू. सीकरचा पाऊस वर्ध्याच्या निम्म्याहूनही कमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे जयपूरपर्यंतच होती. सीकरला ती विसाव्या शतकात पोचली. तोवर पुढची वाट उंटाची नाहीतर बैलगाडीची. पोट भरायला परमुलखात जाण्याला तिकडे ‘मुसाफिरी’ म्हणतात आणि त्या परमुलखाला ‘दिसावर’. मुसाफिरीला निघालेला तरुण दिसावरात पोचला की आपल्याच गावाकडच्या एखाद्या शेठच्या बाशात जेवायचा. बासा म्हणजे मारवाडी माणसांची सामायिक खाणावळ. तिथे राहून मुनिमी शिकायची, मग अडत, मग स्वतःची पेढी. बायकापोरे पुष्कळदा गावीच राहत.

हे लोक बाहेर पडले का, याचे उत्तर ‘वाळवंटात काही पिकत नाही’ एवढेच दिले जाते. ते अपुरे आहे. अठराव्या शतकात शेखावाटी दरिद्री नव्हती. गुजरातच्या बंदरांकडून दिल्लीकडे जाणारे तांडे या भागातून जात, आणि इथले ठाकूर जयपूर-बिकानेरपेक्षा कमी जकात घेत, म्हणून व्यापारी इकडे ओढले गेले. जकातीला व्यापारी किती जागरूक होते, याचा उत्तम दाखला रामगढचा. चुरूच्या ठाकुराने लोकरीवर कर वाढवला. पोद्दार या तिथल्या व्यापारी घराण्याने भांडण घातले, चुरू सोडले, आणि १७९१ मध्ये सीकरच्या हद्दीत नवे गाव वसवले. ते गाव पुढे या मुलखातले सर्वात श्रीमंत म्हणून ओळखले गेले. मग मुंबई आणि कलकत्ता ही बंदरे मोठी झाली, रेल्वे आली, आणि तांड्यांची वाट मोडली. व्यापार जिकडे गेला तिकडे व्यापारी गेले.

आपल्या बाजूला तेव्हा काय चालले होते? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाला अचानक भाव आला. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा केला गेला. पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर आखले गेले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला होता. जिन उभे राहिले, प्रेस उभे राहिले, सरकी-रुई-गाठींचा बाजार भरू लागला. शेतकऱ्याला पेरणीला पैसा लागे आणि पिकाच्या आधी पैसा देणारा माणूस लागे. तो माणूस पुष्कळदा राजस्थानातून आलेला होता. बिकानेरच्या डागा घराण्याच्या बन्सीलाल अबीरचंद या पेढीची हिंगणघाटला कापडगिरणीही होती. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मनात सावकाराबद्दल जी कडू आठवण आहे, तिचा एक धागा इथे आहे, आणि हवेल्यांच्या रंगांत हरवून तो विसरणे बरोबर नाही.

नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ, लक्ष्मणगढ. एका गावाहून दुसऱ्या गावाला तासाभरात जाता येते आणि प्रत्येक गावात बोळाच्या दोन्ही बाजूंना रंगवलेल्या भिंती. यांतल्या बहुतेक हवेल्या १८३० ते १९३० या शंभर वर्षांतल्या. रचना ठरलेली. मोठा दरवाजा, बाहेरच्या चौकात पुरुषांची बैठक, जिथे शेठ गादीवर बसून व्यवहार करी, आणि आतल्या चौकात बायकांचा वावर. भिंत रंगवणारे तेच गवंडी, चेजारे, बहुतेक कुंभार जातीचे. बाहेरच्या भिंतीवर ओल्या चुन्यात रंग भरायचा आणि मग घोटून चकाकी आणायची. ओल्या चुन्यात मुरलेला रंग दीडशे उन्हाळे सोसून टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतले रासायनिक रंग आले तेव्हा भिंती झगझगीत निळ्या-लाल झाल्या. जुन्या गेरू, काजळी आणि नीळ यांच्या चित्रांसमोर त्या मला जरा भडक वाटतात, पण तेव्हाच्या घरमालकाला त्यांचाच अभिमान असणार.

विषय पाहायला मजा येते. कृष्णलीला आहे, ढोला-मारू आहे, हत्तींच्या मिरवणुका आहेत, आणि त्यांच्याच पंगतीला आगगाडी. चेजाऱ्याने आगगाडी पाहिलेली नसे. शेठने सांगितलेल्या वर्णनावरून त्याने चाळीतल्या खोल्यांसारखे डबे ओळीने लावले आणि प्रत्येक खिडकीत एक टोपीवाला बसवला. मंडाव्याच्या बन्सीधर नेवटिया हवेलीवर राईट बंधूंचे विमान आहे, टेलिफोनवर बोलणारा मुलगा आहे, मोटार आहे. मुसाफिरी करून आलेला माणूस गावाला हेच दाखवत होता: मी कुठवर जाऊन आलो. आणखी एक दुवा आपल्या मुलखातला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या देवदेवता शेखावाटीत पोचल्यावर चेजाऱ्यांनी त्यांच्या नकला भिंतीवर उतरवल्या. त्यानंतरच्या लक्ष्मी-सरस्वतींचे चेहरे ओळखीचे दिसू लागतात ते यामुळे.

आज यांतल्या पुष्कळ हवेल्यांना कुलूप आहे. वारस कोलकात्यात, मुंबईत, परदेशात. एका वाड्याचे मालक इतके की विकायला सह्या गोळा होत नाहीत आणि दुरुस्तीला कुणी पैसे काढत नाही. चौकीदार थोड्या पैशांत दार उघडतो. नवलगढची १९०२ची पोदार हवेली संग्रहालय म्हणून नीट राखली आहे, आणि फतेहपूरला एका फ्रेंच चित्रकर्तीने घेतलेली हवेली तिने नव्याने उभी केली. एरवी चित्रांवर चुना, सिनेमाची पोस्टरे आणि ओल.

किल्ले आहेतच. लक्ष्मणगढचा किल्ला उघड्या खडकावर असा बसवला आहे की खालचे चौकोनी आखलेले शहर पूर्ण दिसते. सीकरजवळ हर्ष पर्वतावर दहाव्या शतकातले हर्षनाथाचे शिवमंदिर पडक्या अवस्थेत आहे, ते चुकवू नये. मंडाव्याच्या किल्ल्यात आता हॉटेल आहे. पण किल्ल्यांची दुसरी बाजू माहितीफलकावर नसते. जहागिरीतल्या जाट शेतकऱ्यांना सारा भरून वर ‘लाग-बाग’ म्हणजे नाना तऱ्हेच्या पट्ट्या आणि वेठ द्यावी लागे. १९३४ मध्ये सीकरजवळ कटराथल इथे शेतकरी बायकांचा मोठा मेळावा झाला, आणि १९३५च्या एप्रिलमध्ये कूदण गावी शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. दोन्ही गावे सीकरहून सहज जाण्यासारखी.

काशी का बास हे गाव सहलीच्या कुठल्याच नकाशावर नाही. तिथे ४ नोव्हेंबर १८८९ रोजी कनीराम आणि बिरदीबाई यांच्या पोटी जमनालाल जन्मले. वर्ध्याचे शेठ बच्छराज त्या भागात आले असता त्यांच्या पत्नी सदीबाईंना हा चार-पाच वर्षांचा मुलगा आवडला आणि त्यांनी तो दत्तक मागितला. कनीरामांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. गावाला पाण्याचे हाल होते, म्हणून बच्छराजांनी तिथे विहीर बांधून दिली, अशी गोष्ट चरित्रांतून सांगितली जाते. शेखावाटीच्या विहिरी पाहिल्या की ही मागणी किती मोठी होती ते कळते. पाणी फार खोल. काठावर चार कोपऱ्यांना चार उंच मनोरे, वाळूतून येणाऱ्या वाटसरूला लांबून दिसावेत म्हणून. हवेली आणि मंदिर यांच्या बरोबरीने विहीर बांधणे ही तिकडच्या शेठची प्रतिष्ठा होती. पुढे वर्ध्यात जमनालालांनी आपल्या शेतातल्या आणि बागांतल्या विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि १९२८च्या जुलैत बच्छराजांनी बांधलेले लक्ष्मीनारायण मंदिरही खुले केले. मारवाडी समाजातून त्यांना विरोध झाला, तरी त्यांनी माघार घेतली नाही.

शेठ लोक गावाकडे परत जात ते लग्नाला, मुंजीला, नवी हवेली उभारायला. जमनालाल परतले ते जयपूरच्या दरबाराशी भांडायला. १९३८ मध्ये ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जयपूर संस्थानातल्या सीकरचे रावराजा कल्याणसिंह आणि जयपूर दरबार यांच्यात रावराजांच्या मुलाच्या शिक्षणावरून वाद पेटला, सीकरच्या वेशी बंद झाल्या, गोळीबारही झाला. जमनालालांनी मध्यस्थी केली. त्यानंतर दुष्काळी शेखावाटीत मदतकार्यासाठी ते निघाले, तर डिसेंबरच्या अखेरीस सवाई माधोपूर स्थानकावर त्यांच्या हातात प्रवेशबंदीचा हुकूम पडला. म्हणजे ज्या संस्थानात जन्म, तिथेच पाऊल ठेवायला मनाई. १ फेब्रुवारी १९३९ला त्यांनी हुकूम मोडला. पोलिसांनी धरून हद्दीबाहेर नेऊन सोडले, ते परत आत आले. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांना अडकवून ठेवले, आधी मोरांसागरला आणि नंतर जयपूरजवळ करणावतांच्या बागेत. सुटका झाली ती ऑगस्टमध्ये. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते गोसेवेच्या कामात होते आणि गोपुरीत राहत होते.

त्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले त्यांचे सहकारी हीरालाल शास्त्री दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, राजस्थानचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि ज्यांच्या राज्यात बंदीहुकूम निघाला ते महाराजा सवाई मानसिंह नव्या राज्याचे राजप्रमुख. १९५७ मध्ये महाराजांनी आपला राहता रामबाग राजवाडा हॉटेल म्हणून उघडला. तेव्हापासून भाडे भरणाऱ्या कोणालाही तिथे मुक्काम करता येतो, वर्ध्याच्या माणसालाही.