भिंत बांधावी की वाळा लावावा?

उन्हाळा लागला की वर्ध्याकडे माठात वाळ्याची जुडी पडते. पूर्वी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत, त्यांवर पाणी शिंपडले की दुपार सुसह्य होई. ज्या मुळांचा सुगंध आपण घेतो ती जमिनीत मात्र आडवी पसरत नाहीत. सरळ खाली दोन-तीन मीटर उतरतात. रस्त्याकडेची माती धरायला हेच गवत लावावे की सिमेंटची संरक्षक भिंत घालावी, हा प्रश्न आपल्याकडे भराव घालून रस्ता उंच केला की दरवेळी उभा राहतो. गावकऱ्यांचा कल बहुधा भिंतीकडे. भिंत डोळ्यांना दिसते, गवताचे काय!

पण देवळी, हिंगणघाटकडची काळी माती मोठी लहरी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. अशा मातीवर उथळ पाया घेतला तर भिंत दरवर्षी थोडी हलते. वर पाठीमागे तीच माती भरली, की तिचा आणि साचलेल्या पाण्याचा असा दुहेरी रेटा येतो. म्हणून जाणकार काळी माती उपसून मुरूम भरतात, मागे खडीचा थर देतात आणि भिंतीत ओळीने पाणी निघायला छिद्रे ठेवतात. भर पावसात ही छिद्रे कोरडी असतील आणि भिंतीने पोट काढले असेल, तर तिच्याखाली गाडी लावू नये, मुलांना खेळू देऊ नये. २ जुलै २०१९ च्या पहाटेआधी मुंबईत मालाडला भिंत कोसळून तिशीच्या आसपास माणसे दगावली. तिच्यामागेही पावसाचे पाणी तुंबले होते.

मग उतारच ठेवावा, तर आडवी येते जमीन. भराव तीन मीटर उंच आणि उतार दोनास एक धरा. एका बाजूचा पायथा सहा मीटर बाहेर सरकतो. किलोमीटरमागे ही दीड एकर जागा झाली, दोन्ही बाजू धरल्या तर तीन! पाच एकर कपाशीवर घर चालवणाऱ्याला हे गणित कोणी समजावून सांगायला नको. घरे रस्त्याला खेटून आहेत किंवा नाल्याचे पाणी पायथा कुरतडते, तिथे भिंतच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मोकळ्या रानात मात्र मी वाळ्याच्या बाजूचा. उताराला आडव्या ओळीत, वीतभर अंतराने ठोंब लावले की पाणी झिरपून जाते आणि गाळ मागे अडतो. हळूहळू पायऱ्याच तयार होतात. अर्थात खोलवरून घसरणारा भराव गवत थोपवू शकत नाही. ते वरची माती सांभाळते. शिवाय मुळे धरायला त्याला एक पावसाळा लागतो. मेअखेर भराव पुरा करून जूनच्या पहिल्या सरीला उघडा सोडला, तर घळी पडणारच. तोवर पेंढा पसरावा, गुरे वळवावीत, आणि बांधावरचे धसकट जाळणाऱ्यांना थोडे लांब ठेवावे.

आणखी एक. वाळ्याच्या मुळाला बाजारात पैसा मिळतो. उतारावर तो लावला, की एखाद्या चैत्रात कुणीतरी कुदळ घेऊन येईल. त्याच्याशी बोलायचे कुणी, हे लावणीच्या दिवशीच ग्रामपंचायतीत ठरलेले बरे.