अर्ध-मॅराथॉन शर्यत

अर्ध-मॅराथॉन शर्यत : रस्त्यावरून धावण्याची २१.०९७५ किमी. (१३ मैल १९२.५ यार्ड) अंतराची शर्यत. मॅराथॉनच्या ४२.१९५ किमी. अंतराच्या बरोबर निम्मे अंतर तीत धावावे लागते, त्यावरून तिला हे नाव पडले [⟶ मॅराथॉन शर्यत]. मॅराथॉनचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी योजलेले असून १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ते प्रमाण मानले. त्यामुळे अर्ध-मॅराथॉनच्या विचित्र आकड्यामागे शरीराशी संबंधित असे कोणतेही कारण नाही. ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीचा समावेश नाही. तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९२ मध्ये इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे प्रथम झाली आणि रस्त्यावरील शर्यतींचे जागतिक विक्रम २००४ पासून अधिकृत रीत्या नोंदले जाऊ लागले. असे असले, तरी ही शर्यत मुख्यतः हौशी धावकांचीच आहे. नोकरी-व्यवसाय व संसार सांभाळून पहाटेच्या तास-दीड तासात सराव करणारी माणसे हिच्यात हजारोंनी उतरतात व त्यांतील बहुतेकांची स्पर्धा घड्याळाशी आणि स्वतःच्या आधीच्या वेळेशी असते. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या तयारीचा व अनुभवाचा विचार केला आहे.

सर्वसामान्य माणसाने आरोग्यासाठी सावकाश धावावे, ही कल्पना न्यूझीलंडमधील प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड (१९१७–२००४) यांनी १९६० नंतरच्या काळात ऑक्लंड येथे रुजविली. त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल व मरी हालबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली होती. परंतु लिडियार्ड यांचे अधिक दूरगामी कार्य प्रौढ, बैठ्या कामाच्या लोकांना धावावयास लावणे हे होय. अमेरिकन प्रशिक्षक बिल बाउअरमन यांनी ही पद्धत ऑक्लंड येथे प्रत्यक्ष पाहिली व स्वदेशी नेली. इंग्लंडचा दीर्घ पल्ल्याचा धावपटू ब्रेंडन फॉस्टर यालाही ऑक्लंडमधीलच एका सार्वजनिक धावेवरून स्फूर्ती मिळाली आणि १९८१ मध्ये न्यूकॅसल ते साउथ शील्ड्स अशी ‘ग्रेट नॉर्थ रन’ ही अर्ध-मॅराथॉन त्याने सुरू केली. पहिल्याच वर्षी तीत सु. १२,००० धावक होते. भारतात ही लाट उशिरा आली. मुंबई मॅराथॉन (२००४), दिल्ली अर्ध-मॅराथॉन (२००५) व सातारा येथील डोंगरी अर्ध-मॅराथॉन (२०१२) यांनी तिला स्थिर रूप दिले.

शरीरक्रिया : ‘अर्ध’ या शब्दामुळे ही शर्यत म्हणजे पूर्ण शर्यतीची सोपी आवृत्ती होय, असा समज होतो. तो बरोबर नाही. धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा प्रामुख्याने कार्बोहायड्रेटे व चरबी यांपासून मिळते. वेग जितका अधिक, तितका कार्बोहायड्रेटांचा वाटा मोठा. ती शरीरात ग्लायकोजेनाच्या रूपाने स्नायू व यकृत यांत साठविलेली असतात व हा साठा साधारणपणे ४०० ते ५०० ग्रॅ., म्हणजे सु. २,००० किलोकॅलरी एवढाच असतो. धावण्यास दर किग्रॅ. वजनामागे दर किमी.ला सु. १ किलोकॅलरी खर्च होते. या हिशेबाने ६० किग्रॅ. वजनाच्या माणसास अर्ध-मॅराथॉनसाठी सु. १,२७० व मॅराथॉनसाठी सु. २,५३० किलोकॅलरी लागतात. मॅराथॉनमध्ये तिसाव्या किमी.नंतर अनेकांचे पाय एकाएकी जड होतात, याचे एक मुख्य कारण या वजाबाकीत आहे. अर्ध-मॅराथॉनमध्ये ती वेळ सहसा येत नाही. नीट जेवलेला, बऱ्यापैकी तयारी केलेला माणूस हे अंतर आपल्याच शिदोरीवर पार करू शकतो. मात्र शिदोरी संपण्याची भीती नसल्यामुळेच तो ती उधळावयास प्रवृत्त होतो, आणि या शर्यतीतील बहुतेक दुःखे त्यातून उद्भवतात.

वेग वाढत गेला, की एका मर्यादेपलीकडे रक्तातील लॅक्टेटाचे प्रमाण झपाट्याने चढू लागते व तो वेग फार काळ टिकविता येत नाही. ही मर्यादा बहुधा सु. एक तास टिकणाऱ्या वेगाच्या जवळपास असते. एरिट्रियाच्या झेर्सेनाय टाडेसे याने २०१० मध्ये लिस्बन येथे ५८ मि. २३ से.मध्ये शर्यत पूर्ण केली, म्हणजे दर किमी.ला सु. २ मि. ४६ से. त्याला ही मर्यादा जवळजवळ अखेरपर्यंत चाटून जाता आली, कारण तासाभरात त्याचे काम संपले. दोन तासांत पोहोचणारा हौशी धावक दर किमी.ला ५ मि. ४१ से. घेतो, पण त्याला दुप्पट वेळ रस्त्यावर राहावयाचे असते. म्हणून आपल्या मर्यादेच्या बऱ्याच खाली राहून धावणे त्याला भाग पडते. जगज्जेत्याचे अनुकरण त्याच्या कामाचे नाही.

सराव : सलग ५ किमी. धावू शकणाऱ्या व्यक्तीस तयारीसाठी १२ ते १६ आठवडे पुरतात, असे सामान्यतः मानले जाते. आठवड्यातून चार दिवस धावणे बहुतेकांना जमते. त्यांपैकी दोन दिवस ५ ते ८ किमी. सावकाश, एक दिवस मर्यादेलगतच्या वेगाने वीस ते तीस मिनिटे आणि सुटीच्या दिवशी एक लांब पल्ला, अशी विभागणी करतात. लांब पल्ला ८ किमी.पासून सुरू करून हळूहळू १६ ते १९ किमी.पर्यंत नेतात, शर्यतीपूर्वी पूर्ण २१ किमी. धावून पाहण्याची आवश्यकता नसते. सावकाश याचा अर्थ सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतका सावकाश. हा नियम सांगण्यास सोपा व पाळण्यास अतिशय अवघड आहे. सावकाश धावताना आपण काही करीत आहोत असे वाटतच नाही. शिवाय शेजारून कोणी पुढे गेले, की पाय आपोआप उचलले जातात. परिणामी सावकाश धावण्याचे दिवस मध्यम वेगाचे होतात, वेगाच्या दिवशी थकवा उरलेला असतो आणि आठवड्यातील सगळेच दिवस सारखे होऊन जातात. अशा धावकाची प्रगती काही महिन्यांतच खुंटते व तो अंतर आणखी वाढवितो.

हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. कंडरा, अस्थिबंध व हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून पायही टिकतील, असे गृहीत धरणाऱ्याला नडगीचे दुखणे, टाचेखालील वेदना किंवा गुडघ्याच्या बाहेरील बाजूची कळ यांपैकी एखादी गोष्ट गाठतेच. आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा संकेत सर्वत्र सांगितला जातो. नेदर्लंड्समधील ग्रोनिंगन येथे नवशिक्या धावकांवर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या संकेतानुसार हळूहळू वाढविलेल्या सरावाने दुखापतींचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले नाही; दोन्ही गटांत सु. पाचांतील एकाला दुखापत झाली. तेव्हा आकड्यापेक्षा वेदनेकडे लक्ष देणे अधिक श्रेयस्कर. धावताना वाढत जाणारे व दुसऱ्या दिवशी चालतानाही जाणवणारे दुखणे हे थांबण्याचे चिन्ह होय. शर्यतीचे शुल्क भरलेल्या माणसाला ते सहसा ओळखू येत नाही.

मुंबईची शर्यत जानेवारीत असल्याने तिची तयारी पावसाच्या अखेरीस सुरू होते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातून जाते. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही व एकाच वेगाने धावत असतानाही हृदयगती वाढत जाते. या महिन्यात वेळ मंदावली म्हणून अनेक जण निराश होतात. वास्तविक उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला सु. दोन आठवडे लागतात व त्यानंतरही वेग थोडा कमीच ठेवावा लागतो. हवा थंड होताच तोच माणूस तेवढ्याच श्रमात अधिक वेगाने धावतो.

शर्यतीपूर्वीच्या दहा-चौदा दिवसांत अंतर जवळजवळ निम्म्यावर आणतात. या काळात नवे काही साध्य होत नाही, केवळ थकवा उतरतो. तथापि हाच काळ मनाला सर्वांत जड जातो. पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात आणि राहिलेला सराव भरून काढण्याचा मोह होतो.

शर्यत : अमेरिकन अभियंते पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार एका अंतरावरील वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ अजमावता येते. १० किमी. ५५ मिनिटांत धावणाऱ्याला अर्ध-मॅराथॉनसाठी सु. २ तास १ मि. लागावीत, असे ते सूत्र सांगते. दोन तासांच्या आत येण्याची इच्छा धरलेल्या अशा धावकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिटाचे अंतर येते, आणि ते कोठे भरून काढावयाचे हाच त्याचा खरा प्रश्न असतो. बहुतेक जण ते पहिल्या पाच किमी.त भरून काढू पाहतात.

मुंबईच्या शर्यतीचा मार्ग वेळोवेळी बदलला आहे. तथापि अनेक वर्षे तो माहीमहून निघून वांद्रे-वरळी सागरी सेतू, वरळी, हाजी अली, पेडर रोड व मरीन ड्राइव्ह असा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरापर्यंत जात आला आहे. सुरुवात पहाटे अंधारात होते. हवा त्यातल्या त्यात गार असते, हजारो माणसे एकदम निघतात आणि एरवी पादचाऱ्यांना बंद असलेल्या सेतूवर वारा लागतो. अशा वेळी ठरविलेल्या वेगापेक्षा दर किमी.ला दहा-पंधरा सेकंद अधिक वेगाने धावूनही अगदी सहज धावत असल्याचा भास होतो. त्याची किंमत पेडर रोडच्या चढावर कळते. हा चढ फार मोठा नाही, परंतु निम्म्याहून अधिक अंतर झाल्यावर येतो. तेथे वेग राखण्याचा हट्ट धरल्यास मरीन ड्राइव्हवर पाय उरत नाहीत. चढावर वेग सोडून श्रम समान ठेवणे व उतारावर तो परत मिळविणे, हीच रीत योग्य होय. जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणून संथ धावकांना शेवटचे काही किमी. उन्हात, समुद्राच्या बाजूने, सरळ व न संपणाऱ्या रस्त्यावर काढावे लागतात. साताऱ्याच्या शर्यतीत ही कसोटी वेगळ्या क्रमाने येते. तेथे यवतेश्वरचा घाट आधी चढावयाचा व मग उतरावयाचा असतो; चढ फुप्फुसांना थकवितो, मांड्यांचे स्नायू दुखवितो तो उतार.

हौशी धावकाची वेळ दोन प्रकारे मोजली जाते : इशाऱ्यापासूनची व प्रत्यक्ष आरंभरेषा ओलांडल्यापासूनची. पायातील बुटाला किंवा छातीवरील क्रमांकपट्टीला लावलेल्या इलेक्ट्रॉनिक चकतीमुळे दुसरी वेळ अचूक मिळते. गर्दीत मागे उभ्या राहिलेल्याने घाई करण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

धोके : निरोगी व्यक्तीस ही शर्यत धोक्याची नाही, तरी ती सर्वस्वी निर्धोकही नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅराथॉन व अर्ध-मॅराथॉन धावलेल्या सु. १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय एकाएकी बंद पडल्याचे व त्यांतील ४२ जण दगावल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले आहे. हे प्रमाण अर्ध-मॅराथॉनमध्ये लाखामागे ०.२७ व मॅराथॉनमध्ये १.०१ होते. ‘ग्रेट नॉर्थ रन’मध्ये २००५ साली एकाच दिवशी चार धावक मृत्यू पावले. छातीत दाब, अकस्मात भोवळ अथवा कुटुंबात अल्पवयात हृदयविकाराने झालेले मृत्यू यांची नोंद असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. तापातून उठल्यावर लगेच धावणे टाळावे. पाण्याविषयी दोन्ही टोके घातक आहेत. २००२ च्या बॉस्टन मॅराथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमाची न्यूनता आढळली व तिचा संबंध अतिरिक्त पेय पिण्याशी होता. दोन-अडीच तासांच्या धावेत तहानेनुसार पिणे पुरेसे असते. उष्माघाताचे लक्षण मात्र तहान नव्हे. बोलण्यातील असंबद्धता, अडखळणारी चाल व भ्रम ही त्याची चिन्हे असून ती स्वतः धावकाच्या लक्षात येत नाहीत. अशा व्यक्तीला पुढे धावू न देता तत्काळ थंड पाण्याने निववावे लागते.

शर्यत संपल्यावर स्नायूंतील वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व जिना उतरताना ती विशेष जाणवते. आठवड्याभरात ती जाते, परंतु पूर्ववत वेगाने धावण्यास दोन आठवडे तरी जाऊ द्यावेत. अनेक धावक मात्र शर्यतीच्या दिवशीच पुढील शर्यतीत नाव नोंदवितात.