कात्री न लावता

ओरिगामी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे पावसाच्या पाण्यात सोडायची होडी, आणि दुसरी म्हणजे गॅदरिंगच्या वेळी स्टेजमागे टांगलेले रंगीत पक्षी. थोडक्यात काय, तर लहान मुलांचा खेळ, नाहीतर डेकोरेशन. पण मित्रहो, कागदाची साधी घडी हे चक्क गणित आहे. आणि एखादा प्रश्न अडला की डोकं कसं चालवायचं, हेही ती घडी शिकवते. कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

जपानी भाषेत 'ओरि' म्हणजे घडी आणि 'कामी' म्हणजे कागद. नियम अगदी थोडे: कागद एक, कापायचं नाही, चिकटवायचं नाही. वाचताना हे नियम म्हणजे अडचण वाटते. प्रत्यक्षात सगळी गंमत त्या अडचणीतच आहे.

विरीचा द्रोण

माझं आजोळ केळशी, तालुका दापोली. तिथे घरामागच्या वाडीत पोफळी आहेत. पोफळीचं झावळ गळून पडतं तेव्हा त्याच्या बुडाशी चामड्यासारखा एक रुंद पट्टा असतो, त्याला विरी म्हणतात. ही विरी पाण्यात भिजवली की मऊ होते. मग तिच्या कडा वर उचलायच्या, कोपऱ्यांना चुण्या घालून त्या भिंतीला लागून दुमडायच्या आणि नारळाच्या हिराच्या तुकड्याने टोचून टाकायच्या. झाला द्रोण! त्यात पातळ आमटी वाढली तरी थेंब गळत नाही. कोपरे कापून का टाकत नाहीस, असं मी विचारलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "अगं, कापलंस की गळलं."

आता बारावीचं गणित आठवा. 'एका चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून उरलेल्या पत्र्याचा उघडा डबा केला, तर जास्तीत जास्त घनफळ किती?' मॅक्झिमा-मिनिमाच्या धड्यातलं हे ठरलेलं गणित. समजा पत्रा २४ सेंटिमीटरचा आहे आणि कोपऱ्यात x सेंटिमीटरचा चौरस कापला. मग डब्याची उंची x, तळ (२४ − २x) चा, आणि घनफळ x(२४ − २x)². आकडे घालून बघा. x = ३ घेतला तर ९७२ घन सेंटिमीटर, ४ घेतला तर १०२४, ५ घेतला तर ९८०, ६ घेतला तर ८६४. म्हणजे ४ ला सगळ्यात मोठा डबा. ४ म्हणजे २४ चा सहावा भाग. डेरिव्हेटिव्ह काढून शून्याला इक्वेट केलं तरी कोणत्याही चौरसासाठी हेच उत्तर येतं: बाजूचा एक षष्ठांश.

पुस्तक कोपरे कापून फेकून देतं, आणि मग तो डबा चारही कोपऱ्यांत सोल्डर करावा लागतो. आजी कोपरा फेकत नाही, त्याची चुणी करते. घनफळ तेवढंच, पण सांधा एकही नाही, म्हणून गळती नाही. 'कापायचं नाही' या अटीमुळेच तिचं डिझाइन पुस्तकातल्यापेक्षा सरस झालं आहे.

सहावा भाग आणायचा कुठून?

आता आपण तसाच द्रोण कागदाचा करू. अट अशी की पट्टी वापरायची नाही, फक्त घड्या. आपल्याला बाजूचा सहावा भाग हवा. अर्धा, पाव, आठवा हे भाग दुमडून लगेच मिळतात, पण सहावा त्यात येत नाही. मग उलटा विचार करू. सहावा भाग म्हणजे तिसऱ्या भागाचा अर्धा, आणि अर्धं करणं तर सोपं आहे. तेव्हा खरा प्रश्न उरला तो असा: पट्टीशिवाय बरोब्बर एक तृतीयांश कसा मिळवायचा?

याचं उत्तर जपानच्या काझुओ हागा यांच्या नावाने ओळखलं जातं. गंमत म्हणजे ते गणिताचे नव्हेत, त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कागद घ्या आणि करूनच बघा.

चौरसाला वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने अ, ब, क, ड अशी नावं द्या. वरच्या कडेचा, म्हणजे अब चा, मध्य चिमटीने खुणा करून घ्या; तो म. आता खालचा उजवा कोपरा क उचला, बरोबर म वर ठेवा आणि घडी दाबा. उजव्या कडेवर घडी जिथे येते तो बिंदू प. कागदाची खालची कड आता तिरकी होऊन डाव्या कडेला जिथे छेदते तो बिंदू न. झालं! ड पासून न पर्यंतचं अंतर हा बाजूचा बरोब्बर तिसरा भाग आहे. अंदाजे नाही, बरोब्बर.

का? बाजू २४ धरा. बप ला x म्हणा. प पासून क पर्यंतचा तुकडा (२४ − x) लांबीचा होता. तोच आता उलटून पम झाला आहे. दुमडल्याने लांबी बदलत नाही. बम तर १२ आहेच. पायथागोरस लावा: x² + १२² = (२४ − x)². सोडवलं की x = ९. म्हणजे तिथे ९, १२, १५ चा त्रिकोण झाला, आपल्या ओळखीचा ३-४-५! आता म कडे बघा. तिथे चौरसाचा काटकोन बसला आहे, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेले कोन मिळून ९० अंश होतात, आणि म्हणून डावीकडचा त्रिकोण उजवीकडच्याशी समरूप आहे. ९ ला १२, तर १२ ला किती? १६. म्हणजे अन = १६ आणि नड = ८. चोवीसचा तिसरा भाग! त्याचं अर्धं केलं की ४. हाच आपल्या द्रोणाचा सहावा भाग.

चारही कडांपासून तेवढ्यावर घड्या घाला, कोपऱ्यांच्या चुण्या करा, हिराऐवजी स्टेपलर मारा. २४ सेंटिमीटरच्या चौरसातून एक लिटरहून किंचित जास्त मावणारा द्रोण तयार. (कागदाचा आहे, तेव्हा आमटीऐवजी चिवडा भरावा!)

कंपासला जे जमत नाही

मी इंग्लिश मीडियमची. 'परपेंडिक्युलर बायसेक्टर'ची व्याख्या शाळेत तोंडपाठ होती. त्याला मराठीत 'लंबदुभाजक' म्हणतात हे इथे होस्टेलवर रूममेटकडून कळलं. पण दोन्ही शब्दांपेक्षा कागद जास्त स्पष्ट बोलतो. एक बिंदू दुसऱ्या बिंदूवर ठेवून घडी दाबली की ती घडी हाच त्या दोन बिंदूंचा लंबदुभाजक. एक कड दुसऱ्या कडेवर ठेवली की घडी हा कोनदुभाजक. म्हणजे प्रत्येक घडी ही भूमितीतली एक रचना आहे.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली होती. १८९३ साली मद्रासला टी. सुंदर राव या सरकारी अधिकाऱ्याने नुसत्या घड्यांनी भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक काढलं. बालवाडीत मुलांना दुमडायला देतात त्या चौरस कागदांवरून त्यांना ते सुचलं होतं. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या लेखनात त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. कोनाचे तीन समान भाग मात्र राव यांनी अंदाजेच करून दाखवले होते.

आणि ते तीन भाग हाच तर जुना नामांकित प्रश्न. पट्टी आणि कंपासने प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असं नाही, हे पिएर वांझेल या फ्रेंच गणितीने १८३७ मध्ये सिद्ध केलं. घडीने मात्र ते होतं. कसं, ते समजायला एक सोपा प्रयोग करा. कोऱ्या कागदावर खालच्या कडेपासून तीन-चार बोटं वर एक ठिपका काढा. कड उचलून ठिपक्याला टेकवा आणि घडी दाबा. उघडा, कडेवरची दुसरी जागा ठिपक्याला टेकवा, पुन्हा दाबा. अशा वीसेक घड्या झाल्या की त्यांच्या मधून एक सुबक वक्र आपोआप दिसू लागतो. ओळखीचा वाटला? फर्स्ट इयरच्या ड्रॉइंग शीटमधला पॅराबोला! ठिपका म्हणजे फोकस, कड म्हणजे डायरेक्ट्रिक्स आणि प्रत्येक घडी म्हणजे एक टँजंट.

आता दोन ठिपके आणि दोन रेषा घ्या. एकाच घडीत पहिला ठिपका पहिल्या रेषेवर आणि दुसरा दुसऱ्या रेषेवर आणायचा. म्हणजे दोन पॅराबोलांना एकच टँजंट हवी. अशी टँजंट शोधायची म्हणजे क्युबिक समीकरण सोडवायचं, आणि इथेच घडी पट्टी-कंपासच्या पुढे जाते. पट्टी-कंपासची मजल वर्गमुळापर्यंत, घडी घनमुळापर्यंत पोहोचते. इटलीच्या मार्गेरिटा बेलोक यांनी हे १९३६ मध्ये दाखवून दिलं. कोनाचे तीन भाग करण्याची हिसाशी आबे यांची प्रसिद्ध रीतही अशाच एका दुहेरी घडीवर उभी आहे.

घडीवाली माणसं

मराठी घरांत ओरिगामी पोहोचवली ती डॉ. अनिल अवचट यांनी (१९४४–२०२२). शिक्षणाने डॉक्टर, लिहिणं पत्रकाराचं, आणि मुलं भेटली की हातात कागद. 'छंदांविषयी' या त्यांच्या पुस्तकात या नादाबद्दल वाचायला मिळतं. दुसरे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. २००३ पासून २०१४ पर्यंत पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून आणि कागदाच्या घड्यांतून मुलांना विज्ञान-गणित शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या प्रयोगशाळेशिवायही शिकता येतं, हे या दोघांकडे बघून पटतं.

आणि ज्यांना 'पण इंजिनिअरिंगमध्ये याचा उपयोग काय?' असं वाटतंय, त्यांच्यासाठी मिउरा घडी. कोर्‍यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास मांडलेल्या या घडीत मोठा पट समांतरभुजांच्या नक्षीत दुमडतात. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले की सगळा पट एकदम उलगडतो, ढकलले की एकदम मिटतो. मेकॅनिझमच्या भाषेत सांगायचं तर डिग्री ऑफ फ्रीडम एकच. १९९५ मध्ये सोडलेल्या जपानच्या 'स्पेस फ्लायर युनिट' या यानावर अशा घडीचा पट अवकाशात उलगडून बघितला गेला. रॉकेटच्या टोकात जागा थोडी आणि वर गेल्यावर पट मोठा हवा. प्रश्न तोच: न कापता, कमी जागेत, एका हिसक्यात.

माझं डोकं मॅथ्सचं नाहीच!

आमच्या विंगमध्ये हे वाक्य निकालाच्या आदल्या दिवशी सगळ्यात जास्त ऐकू येतं. एम-थ्रीची केटी लागली की माणूस हळूहळू ते खरंच मानायला लागतो, आणि मग पुढच्या पेपरला नुसते सॉल्व्ह केलेले पेपर पाठ करतो. मला हे फार घातक वाटतं, कारण ज्याने ही समजूत करून घेतली त्याने विचार करायचंच सोडलं.

कागद दुमडल्याने मार्क वाढतात असा माझा दावा नाही. पण द्रोणाच्या गणितात आपण काय काय केलं ते बघा. हव्या त्या उत्तरापासून मागे मागे आलो: द्रोणाला सहावा भाग हवा, सहाव्याला तिसरा, तिसऱ्याला एक मध्यबिंदू. मोठा प्रश्न शेवटी एका चिमटीएवढा झाला. अटीवर चिडण्याऐवजी तिचा फायदा घेतला. आणि उत्तर बरोबर की चूक हे मागच्या पानावर न बघता घडी जुळते की नाही यावरून ठरवलं. कागदाला स्टेप्सचे मार्क देता येत नाहीत. पहिली घडी एक मिलिमीटर हलली तर शेवटचा कोपरा जुळत नाही, आणि मग उलगडत मागे जाऊन नेमकं कुठे हललं ते शोधावं लागतं. प्रोग्रॅम डीबग करणं यापेक्षा वेगळं नसतं.

मॅथ्सचं डोकं म्हणतात ते यापेक्षा निराळं काही असतं असं मला वाटत नाही. विरी दुमडणाऱ्या आजीने कॅल्क्युलस ऐकलेलंही नाही, पण तिला प्रश्न कळला होता आणि उत्तर तपासायला पातळ आमटी होती.

शेवटी एक कोडं. हागांच्या घडीत क हा कोपरा मध्यावर न ठेवता वरच्या कडेच्या पाव भागाच्या खुणेवर ठेवा. अशा खुणा दोन असतात, एक ब जवळची आणि एक अ जवळची. एकीने कडेचे पाचवे भाग मिळतात, दुसरीने सातवे. कोणत्या खुणेने कोणते, ते आधी दुमडून बघा आणि मग पायथागोरसने सिद्ध करा. कागद मेसच्या जुन्या मेनूचासुद्धा चालेल, फक्त चौरस हवा.