स्कॉटलंड-इंग्लंड एकीकरणाविषयीचा वाद (१७०७)

१७०७चे एकीकरण म्हणजे स्कॉटलंड व इंग्लंड ही दोन राज्ये विलीन होऊन ग्रेट ब्रिटन हे एक राज्य अस्तित्वात येण्याची घटना होय. स्कॉटलंडच्या संसदेने स्वतःच्याच विसर्जनास संमती का दिली, हा स्कॉटिश इतिहासलेखनातील एक प्रमुख वादविषय आहे.

पार्श्वभूमी

१६०३पासून दोन्ही देशांचा राजा एक असला, तरी संसदा स्वतंत्र होत्या. पनामाच्या संयोगभूमीवर वसाहत स्थापण्याची डेरियन योजना (१६९८–१७००) फसल्याने स्कॉटलंडचे मोठे भांडवल बुडाले. १७०५मध्ये इंग्लंडने 'एलियन अ‍ॅक्ट' संमत करून, वाटाघाटी न केल्यास स्कॉटिश गुरे, कोळसा व लिनन कापड यांची आयात बंद करण्याची धमकी दिली. १६ जानेवारी १७०७ रोजी एडिंबरो येथील संसदेने ११० विरुद्ध ६७ मतांनी करार मंजूर केला. १ मे रोजी तो अमलात आला.

प्रमुख मतप्रवाह

* राजकीय सौदा : लंडनहून गुप्तपणे आलेले २०,००० पौंड थकीत वेतनाच्या नावाखाली वाटण्यात आले. विल्यम फर्ग्युसन यांनी लाच व राजकीय डावपेच यांवर भर दिला.
* आर्थिक कारणे : टी. सी. स्मौट यांनी इंग्लंड व त्याच्या वसाहतींची बाजारपेठ मिळण्याची निकड अधोरेखित केली. करारातील ३,९८,०८५ पौंड १० शिलिंगांच्या भरपाईतून डेरियनच्या भागधारकांचीही नुकसानभरपाई व्हावयाची होती.
* तत्त्वनिष्ठा : क्रिस्टोफर व्हॉटली यांच्या मते अनेक सदस्यांचा पाठिंबा प्रॉटेस्टंट राजवारसाविषयीच्या दीर्घकालीन निष्ठेतून आला होता.

पुराव्यांची छाननी

गुप्त रक्कम उघडकीस आणणारे जॉर्ज लॉकहार्ट हे जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे पक्षपाती होते. एकीकरणाचा इतिहास लिहिणारे डॅनियल डीफो हे इंग्रज सरकारचे हेर होते. त्यामुळे दोघांचेही लेखन पडताळूनच वापरावे लागते. रक्कम मिळालेल्यांच्या यादीत अ‍ॅथॉलचे ड्यूकही आहेत. तथापि त्यांनी कराराला विरोधच केला. म्हणजेच, केवळ पैसे घेतल्यावरून मत विकले गेले असे सिद्ध होत नाही. दुसरीकडे, संसदेकडे आलेल्या अर्जांत विरोधाचाच सूर प्रबळ होता. सदस्यांची मते व जनमत यांतील ही तफावत कोणत्याही एका कारणाने पुरती उलगडत नाही.

महत्त्व

१८ सप्टेंबर २०१४ रोजीच्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याविरुद्ध कौल दिला. एकीकरण स्वेच्छेने झाले की लादले गेले, या प्रश्नाला त्यामुळे आजही राजकीय धार आहे.