चुंबकाने गोळा होणारा उत्प्रेरक

बेंझाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आणि युरिया अल्कोहोलात घालून, थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून उकळले, की दोन नायट्रोजन असलेले सहा अणूंचे वलय तयार होते. पिएत्रो बिजिनेली या इटालियन रसायनशास्त्रज्ञाची ही १८९१ सालची अभिक्रिया. वलयात कार्बनच्या जोडीला दुसरे मूलद्रव्य असलेली, म्हणजे विषमवलयी, संयुगे समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण नाही. दुखणे एवढेच, की तासन्‌तास उकळूनही यील्ड बेताचे आणि शेवटी आम्ल निस्तरायचे.

आम्लाच्या जागी मॅग्नेटाइटचे, म्हणजे काळ्या लोह ऑक्साइडचे, नॅनोकण चालतात. फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात विरघळवून, हवा लागू न देता अमोनिया सोडला, की हे कण तयार होऊन द्रावण काळेकुट्ट होते. एक सेंटिमीटर बाजूचा घन दहा नॅनोमीटरच्या घनांत कापला, तर पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटरवरून सहाशे चौरस मीटरवर जाते. कबड्डीची चार मैदाने त्यात सहज मावतील. काम पृष्ठभागावरच चालते, म्हणून चिमूटभर पुरते.

ते काम चालते असे. पृष्ठभागावरचे लोह अल्डिहाइडच्या ऑक्सिजनमधले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढते. शेजारच्या कार्बनला त्यांची चणचण भासते आणि युरियाचा एक नायट्रोजन तिथे जोडला जातो. पाण्याचा रेणू सुटतो. मग त्याच कार्बनला अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट येऊन मिळते. आता एका टोकाला युरियाचा उरलेला नायट्रोजन, दुसऱ्या टोकाला अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटमधल्या कीटोनचा कार्बन. ती टोके जुळतात, पाण्याचा आणखी एक रेणू बाहेर पडतो, वलय बंद.

मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसी प्लेटवर यूव्ही दिव्याखाली अल्डिहाइडचा ठिपका दिसेनासा झाला, की आच थांबवायची. पण चंबू गार होऊ द्यायचा नाही. नाहीतर पांढरे स्फटिक आणि काळी भुकटी एकत्रच खाली बसतात. गरम असतानाच, लागल्यास आणखी गरम अल्कोहोल घालून, बाहेरून निओडिमियमचा चुंबक लावायचा. काळे कण काचेला येऊन चिकटतात, द्रव निवळतो, तो ओतून घ्यायचा. इतक्या बारीक कणांत चुंबक दूर केल्यावर चुंबकत्व उरत नाही, त्यामुळे धुऊन वाळवले की पुढच्या खेपेला ते पुन्हा पसरतात.

शोधनिबंधांत उत्प्रेरक किती वेळा वापरला याचे तक्ते हमखास असतात. मी आधी दुसरेच शोधतो: कण न घालता तेवढाच वेळ तापवले तर काय मिळाले? नुसत्या उष्णतेनेही ही अभिक्रिया थोडीफार चालतेच. शिवाय ती अर्ध्यावर असताना कण चुंबकाने काढून उरलेला द्रव तापवून पाहिला का? कण नसतानाही वेग तसाच राहिला, तर काम त्यांच्यातून सुटून विरघळलेले लोह करत असण्याची दाट शक्यता आहे, कारण फेरिक क्लोराइडसारखा साधा क्षारही ही अभिक्रिया चालवतो.